राळ लावलेला लेथ

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे, आणि आयुष्याची पहिली नऊ वर्षे मी काडीचेही काम केलेले नाही. माझ्या वयाच्या लेथांची अंगे झिजली, दात पडले, काही तर भट्टीत जाऊन वितळले. मी मात्र ठणठणीत आहे. याचे कौतुक करू नका. माझ्यापायी एका माणसाचे आयुष्य मातीमोल झाले आणि मी जागचा हललो नाही. मला हलता येत नव्हते, हे खरे. का येत नव्हते, तेच सांगायचे आहे.

लेथ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंडाचा दांडा माझ्या जबड्यात पकडतात, मोटर लावून गरगर फिरवतात आणि त्याला धारदार हत्यार टेकवतात. लोखंडाची साल निघत जाते आणि हवा तो आकार तयार होतो. हे काम करणाऱ्याला टर्नर म्हणतात. चांगला टर्नर कोणत्याही कारखान्यात उपाशी राहत नाही.

माझा जन्म १९७९ साली राजकोटच्या एका कारखान्यात झाला. हिरवा रंग लावून झाल्यावर तिथल्या मिस्त्रीने मला तासभर चालवून पाहिले. तो तास मला अजून आठवतो. मग अंगभर ग्रीस फासून, लाकडी खोक्यात घालून मला ट्रकवर चढवले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने मी कोपरखैरण्याच्या पलीकडे, खाडीला टेकलेल्या एका गावात आलो.

मला तिथे का पाठवले हे समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. त्या गावाची भातशेती पार महाप्याच्या बाजूपर्यंत पसरलेली होती. ती नव्या शहरासाठी आणि कारखान्यांसाठी घेतली गेली. एका तुकड्यावर पंप बनवणारी एक कंपनी येणार होती. दिल्लीने अशा कंपन्यांना सांगितले होते की जिथे शेती गेली तिथे कारखाना काढा, पाच वर्षे तुमचा कर माफ. पण दिल्लीची सवलत सगळ्या देशाला एकाच मापाची. कोणत्या गावात कोणाला काय काम येते, हे दिल्लीला कसे कळणार? सवलत घेऊन कंपनी बाहेरून माणसे आणेल आणि गावाच्या वाट्याला फक्त धूर येईल, हे राज्याच्या लोकांनी ओळखले. म्हणून त्यांनी आपली एक अट जोडली. जमीन गेलेल्या प्रत्येक घरातला एक माणूस कंपनीने घ्यायचा. त्याला काम शिकवायचे ते राज्य शिकवणार. त्यासाठी एक खोली, एक शिक्षक, तीन फेजची वीज आणि एक लेथ. म्हणजे करात सूट देणारा हात दिल्लीचा आणि माणूस तयार करणारा हात जवळचा. कागदावर ही व्यवस्था मला आजही चोख वाटते.

खोली बांधून झाली. लेथ आला. गावाने मला हार घातला, कुंकू लावले, माझ्यासमोर नारळ फोडला. सरपंच कमळाकर यांनी भाषण केले. खोलीची किल्ली कोणाकडे द्यायची यावर थोडी चर्चा झाली आणि ती धर्मराजकडे गेली.

धर्मराज तेव्हा सदतीस वर्षांचा होता. त्याची सगळी शेती गेली होती. मूलबाळ नव्हते. घरात तो आणि त्याची बायको पुतळा, दोघेच. बापाकडून त्याने होड्या दुरुस्त करायचे काम उचलले होते, त्यावर कसेबसे भागत होते. पण खाडीत भराव पडत होता, होड्या कमी होत होत्या आणि हे काम फार दिवस पुरणार नाही हे त्याला दिसत होते. कंपनीतली नोकरी हा त्याचा एकच आधार होता. दुसऱ्या घरांत भाऊ होते, मुलगे होते. त्याच्या घरातून जायचे तर त्यालाच जावे लागणार होते. आणि नियमाप्रमाणे, चाळीस पूर्ण व्हायच्या आत वर्गाचा दाखला हातात हवा होता. तीन वर्षे होती. एका वर्षात शिकून होते, असे सगळे म्हणत होते.

तो शिक्षकाच्या वाटेकडे डोळे लावून बसला.

शिक्षक आला नाही. विजेचे खांब गावाच्या वेशीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. झाले असे की त्याच सुमारास दिल्लीने खर्चाला कात्री लावायचे ठरवले. तेही वाईट नव्हते. उधळपट्टी फार झाली होती म्हणतात. दिल्लीचे पाहून राज्यानेही नव्या नेमणुका थांबवल्या. आता गंमत पाहा. कंपनीची करमाफी कायद्यात लिहिलेली होती, म्हणून ती चालू राहिली. शिक्षकाचा पगार दरवर्षीच्या मंजुरीवर होता, म्हणून तो थांबला. कात्री मऊ जागी चालते. कोणी गावाचे वाईट चिंतले नव्हते. फक्त दोन हातांपैकी एक हात खिशात गेला आणि दुसऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

कमळाकर ठाण्याच्या कचेरीत खेटे घालून आले. "फाईल वर गेली आहे," एवढेच उत्तर घेऊन ते दर वेळी परत यायचे. मग त्यांनीही जाणे सोडले.

धर्मराजने सोडले नाही. तो रोज सकाळी खोली उघडायचा, झाडायचा आणि माझ्यासमोर बसायचा. माझ्याबरोबर चित्रांची एक छोटी पुस्तिका आली होती. वाचता त्याला येत नव्हते, पण चित्रे कळत होती. कोणते चाक फिरवले की कोणता भाग सरकतो, हे त्याने नुसते पाहून पाठ केले. माझा जबडा तो हाताने फिरवायचा आणि हत्याराच्या जागी बोट धरून लोखंड कापल्याचे नाटक करायचा. चाळिशीकडे झुकलेला माणूस, आणि तोंडाने मोटरीचा आवाज काढायचा. मी हसलो असतो, पण त्याचा हात चांगला होता. मिस्त्रीचा हात मला कळतो.

पहिल्या पावसाळ्यानंतर ग्रीस ओघळून गेले आणि हत्यार जिच्यावरून सरकते त्या माझ्या घसरपट्टीवर तांबूस डाग पडला. खोलीची खिडकी खाडीकडे उघडत होती. वाऱ्यात मीठ होते. धर्मराजने तो डाग पाहिला आणि सदऱ्याच्या टोकाने घासला, पण तो निघेना. शिक्षक आला आणि यंत्र गंजलेले निघाले तर? कोणाला विचारावे तर विचारायला कोणी नव्हते. कोणी एक जण असता, तर त्याने सांगितले असते की दर आठवड्याला थोडे साधे तेल चोळ, बस्स. पण त्या एका जणाचाच पगार तर सरकारने वाचवला होता.

तेव्हा धर्मराजने त्याला येत होते ते केले. होडी खाऱ्या पाण्यात टिकावी म्हणून हे लोक राळ तेलात उकळवतात आणि गरम असतानाच लाकडावर फासतात. ती वाळली की कातडीसारखी घट्ट बसते. पाणी शिरत नाही, मीठ शिरत नाही. त्याने तशी राळ उकळवली आणि मडके घेऊन खोलीत आला. मागून पुतळा आली.

"अवं, ही होडी हाय का?" ती म्हणाली.

"लाकूड काय नि लोखंड काय. मीठ दोगांना बी खातं."

"कोनाला तरी इचारा आदी."

"कोनाला इचारू, सांग," धर्मराज म्हणाला.

त्याने मला राळ लावली. वरवर नाही लावली, मित्रांनो. होडीच्या फटीत जशी बोटाने दाबून भरतात, तशी माझ्या प्रत्येक सांध्यात भरली. पट्टीवर, स्क्रूच्या आट्यांत, गिअरच्या दातांत, जबड्याच्या मागे. इतक्या मायेने मला त्याआधी कोणी हात लावला नव्हता आणि नंतरही नाही. दोन दिवसांत ती वाळली आणि मी बांधला गेलो. चौथ्या दिवशी त्याने चाक फिरवायला पाहिले, ते फिरले नाही. तो जरा थबकला. मग स्वतःशीच म्हणाला, "बंद हाय ते बरं. कोन छेडनार नाय." आणि समाधानाने घरी गेला.

पुढे तो दर सणाला राळेचा नवा हात देत राहिला. लक्ष्मीपूजनाला, होळीला, नारळी पौर्णिमेला. होड्यांबरोबर माझीही पाळी यायची. मी बाहेरून चकचकीत दिसत होतो आणि आतून पार गोठलो होतो. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. लोकांना वाटते, यंत्राला काही कळत नाही. कळते. फक्त उपयोग होत नाही.

१९८२ साली महाप्याला कंपनीची शेड उभी राहिली. तिला माणसे हवी होती आणि राज्याची अट अजून कागदावर होती. अटीत एक ओळ अशी होती की शिकलेली स्थानिक माणसे मिळत नसतील, तर कंपनी मोकळी. मिळतात की नाही हे ठरवायला राज्याच्या खात्याचे साहेब श्यामसुंदर आणि कंपनीचे नोकरभरतीचे अधिकारी जयप्रकाश असे दोघे जीपमधून गावात आले. बरोबर कंपनीचा एक फिटर होता. धर्मराजला चाळीस पूर्ण व्हायला चार महिने उरले होते.

सगळे गाव खोलीशी जमले. धर्मराजने धुतलेला सदरा घातला होता. कमळाकरांनी साहेबांना नमस्कार करून सरळ विषयाला हात घातला.

"साहेब, शिक्षक नाय, करंट नाय. पोरं शिकनार कशी? आदी ते द्या, मग बगा."

श्यामसुंदर साहेब अडचणीत आले. शिक्षक त्यांच्याच खात्याने दिला नव्हता. हे लिहायचे म्हणजे आपल्याच वरिष्ठांच्या माथ्यावर दोष ठेवायचा. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पाहण्यासारखे एकच होते, ते म्हणजे मी.

"मशीन तरी नीट आहे का?" ते म्हणाले. फिटरने चाकाला हात घातला. चाक हलले नाही. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. मग नखाने माझी पट्टी खरवडली, नखाखालचा पिवळा पापुद्रा वास घेऊन पाहिला आणि जयप्रकाशांच्या कानाशी लागला. जयप्रकाशांचा चेहरा उजळला.

"हे काय लावलंय याला? कोणी लावलं?" त्यांनी विचारले.

आणि धर्मराज पुढे झाला. तीन वर्षे तो याच प्रश्नाची वाट पाहत होता. आपण यंत्र कसे जपले हे कोणीतरी विचारावे, अशी त्याची भाबडी इच्छा होती.

"मी लावली साहेब. राळ हाय. दर सनाला लावतो. तीन वरसं जाली, एक डाग पडू दिला नाय."

"तुम्ही एकट्याने?"

"एकट्यानंच. किल्ली माज्याकडं हाय ना."

"वा," जयप्रकाश म्हणाले. "हे लिहून देता का?"

धर्मराजला वाटले, शिफारस होते आहे. जयप्रकाशांनीच मजकूर लिहिला आणि त्याने खाली सही केली. सहीपुरते अक्षर त्याला येत होते. फार आनंद झाला होता त्याला. जीप गेल्यावर त्याने पुतळाला सांगितले, "साएब वा म्हनला."

अहवालात काय आले ते महिनाभराने कळले. शिक्षकाचा उल्लेख नव्हता. विजेचा नव्हता. 'प्रशिक्षणासाठी दिलेले यंत्र ग्रामस्थांनी निष्काळजीपणे निकामी केले, तसा लेखी जबाब सोबत जोडला आहे. सबब शिकलेली माणसे उपलब्ध होण्याची शक्यता नाही.' कंपनी अटीतून मोकळी झाली. करमाफी अर्थातच चालू राहिली. वर्ग रद्द झाला, किल्ली काढून घेतली आणि माझ्या दाराला लाखेचे सील लागले.

आता गावाचे ऐका. साहेबांच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. दिल्ली लांब होती. ठाण्याची कचेरी कोणाला उभे करत नव्हती. धर्मराज मात्र हाताशी होता, घर ठाऊक होते. सगळे खापर त्याच्या डोक्यावर फुटले. ज्या कमळाकरांनी वीज आणि शिक्षक मागितला होता, तेच आठवड्याभरात म्हणू लागले, "लेथ धड असता तर काय तरी जालं असतं." पन्नास घरांच्या नोकऱ्या याने घालवल्या, असे ठरले. हसतखेळत ठरले, ओट्यावर बसून. त्याला राळ्या म्हणू लागले. होडी दुरुस्तीला त्याच्याकडे देणे बंद झाले. लग्नाची आमंत्रणे बंद झाली. पुतळा विहिरीवर आली की बायका घागरी उचलून चालू लागायच्या.

कंपनीने बाहेरची माणसे आणली. त्यांना राहायला जागा हवी होती, तेव्हा गावाने आपल्या पडव्या, गोठे आवरून खोल्या काढल्या आणि त्यांना भाड्याने दिल्या. चांगले चालले त्यांचे. तरीही राग गेला नाही. फायदा झाला म्हणून राग सोडावा, इतकी माणसे भोळी नसतात.

सर्वांत वाईट हे की धर्मराजलाही ते पटले. तो कधी कोणाला उलट बोलला नाही. आठवड्यातून एकदा तो माझ्या खिडकीशी यायचा आणि गजांतून आत पाहायचा. एकदा पुतळा त्याला ओढून न्यायला आली.

"चला आता. काय बगताय त्या दगडात?"

"माजं चुकलं पुतळा. तू बोललीवतीस, कोनाला तरी इचारा."

"अवं, इचारायला कोन होतं?" ती म्हणाली. त्या सगळ्या वर्षांत त्याच्या बाजूने बोललेले तेवढे एक वाक्य मी ऐकले. त्याने मान हलवली, पण ऐकले नाही. तो मजुरीला जाऊ लागला, मिळेल तिथे, मिळेल ते. ज्या हातांनी तो मला चालवणार होता त्या हातांनी तो नव्या वसाहतींसाठी माती उपसत होता.

१९८७ साली कंपनीची पाच वर्षे भरली. करमाफी संपली आणि तिसऱ्याच महिन्यात कंपनीने गाशा गुंडाळला. दुसऱ्या एका जिल्ह्यात नवी पाच वर्षे मिळत होती. शिकलेले गावकरी आत असते, दोन गोष्टी गावात रुजल्या असत्या, तर जाताना कंपनीचा पाय थोडा तरी अडखळला असता. तसे काही नव्हते. शेडचे पत्रेसुद्धा तिने काढून नेले.

आणि मग, १९८८ मध्ये, शिक्षक आला.

हसू नका. नेमणुका पुन्हा सुरू झाल्या होत्या, फाईल कुठल्याशा कपाटातून खाली आली होती. सुधीर नावाचा तरुण निदेशक हातात कागद घेऊन गावात आला. त्याच आठवड्यात तीन फेजची केबलही आली. आता सगळे होते. फक्त कारखाना नव्हता.

सुधीरने सील तोडले आणि माझ्याकडे पाहिले. दाराशी कमळाकर आणि गावातली पंधरा-वीस माणसे उभी होती. त्याने रॉकेलचा डबा आणि चिंध्या मागवल्या. राळ रॉकेलात सुटते, मित्रांनो. दुपारी जेवून त्याने सुरुवात केली आणि चहाच्या वेळेला माझे चाक फिरले. सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या फिटरलाही हे माहीत होते. पापुद्र्याचा वास घेतानाच त्याने ते ओळखले होते. श्यामसुंदर साहेबांनी त्याला एवढेच विचारायचे होते, की साफ होईल का? त्यांनी विचारले नाही, कारण उत्तर त्यांना सोयीचे नव्हते.

"एवढंच होतं?" सुधीर हात पुसत म्हणाला. "रिपोर्टमध्ये तर निकामी लिहिलंय. उलट ज्याने हे लावलं त्याने मशीन वाचवलं. या हवेत दोन वर्षांत भंगार झालं असतं. कोण होता तो?"

प्रत्येकाला नाव ठाऊक होते. ते नाव घ्यायचे म्हणजे सहा वर्षे आपण काय केले तेही कबूल करायचे. लोक एकमेकांकडे पाहायचे टाळत राहिले. शेवटी कमळाकर खाकरले.

"असंल कोनतरी. जुनी गोष्ट हाय, सर. तुमी वर्ग चालू करा."

खिडकीबाहेर केबलचा चर बुजवायचे काम चालू होते. ठेकेदाराच्या मजुरांत धर्मराज होता. शेहेचाळीस वर्षांचा, केस पिकलेले. खिडकी उघडी होती आणि तो तिच्यापासून चार हातांवर उभा होता. त्याने सुधीरचे बोलणे ऐकले. कमळाकरांचेही ऐकले. क्षणभर त्याचे फावडे थांबले. मला वाटले, आता हा आत येईल आणि पूर्वीसारखा पुढे होऊन म्हणेल, मी लावली. पण असे एकदा बोलून काय झाले ते त्याच्या लक्षात होते. तो खाली वाकला आणि माती ओढू लागला. थोड्या वेळाने मोटर सुरू झाली. तिचा आवाज त्याने तोंडाने किती वेळा काढला असेल. या वेळी त्याने मान वर केली नाही. चर बुजवून झाला आणि तो इतर मजुरांबरोबर निघून गेला.

माझ्यावर आता मुले शिकतात. दाखले घेतात आणि काम शोधायला लांब जातात. मी चांगला चालतो.

मित्रांनो, आपली कहाणी संपवताना आम्ही यंत्रे, झाडे, पुतळे तुम्हांला सांगतो की आमची काळजी घ्या, आम्हांला जपा. मी ते सांगणार नाही. मला जपणाऱ्याचे काय झाले ते तुम्ही ऐकलेत. उद्या तुमच्यापैकी कोणी दिल्लीत किंवा मुंबईत खुर्चीवर बसेल आणि सवलती देईल, खर्चाला कात्री लावेल. खुशाल लावा. फक्त ज्या गावात सवलत पाठवाल, त्याच दिवशी त्याच गावात शिकवणारा माणूसही पाठवा. तो पाठवता येत नसेल तर लेथसुद्धा पाठवू नका.

आणि त्या दिवशी खोलीतल्या एकाही माणसाने जे सांगितले नाही, ते मी सांगतो. राळ धर्मराजने लावली होती.